हरवलेलं 'नाही'

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाने काय करावं, याची यादी आमच्या सोसायटीत तयारच असते. सकाळी फिरायला जाणे, दुपारी सोसायटीच्या हिशेबात नाक खुपसणे आणि संध्याकाळी कट्ट्यावर बसून ठेवींचे व्याजदर कसे घसरले यावर हळहळणे. यातलं पहिलं माझ्या गुडघ्यांना मान्य नव्हतं, दुसरं कमिटीला आणि तिसरं बायकोला. म्हणून भाच्याने मला ब्लॉग काढून दिला.

भाचा हिंजवडीत असतो. तो नेमकं काय काम करतो हे त्याच्या आईला अजून सांगता येत नाही, पण घरातला टीव्ही, मोबाइल, गिझर यांपैकी काहीही बिघडलं की त्यालाच फोन जातो. तो म्हणाला, "मामा, तू फक्त लिहायचंस. बाकीचं सगळं प्लगिन बघतात." हे वाक्य मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. शाखेत पहिला संगणक आला तेव्हा आम्हालाही असंच सांगितलं होतं, की तुम्ही फक्त सही करायची.

प्लगिन म्हणजे काय, हे मला बायकोच्या मिक्सरवरून समजलं. मोटर एकच. चटणीचं भांडं लावलं की चटणी होते, ज्यूसरचं लावलं की रस निघतो. वर्डप्रेस ही ती मोटर. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ती मे २००३ मध्ये बाहेर काढली आणि तिला भांडी लावायची सोय पुढच्याच वर्षी, १.२ या आवृत्तीत आली. आज त्यांच्या अधिकृत भांडारात ५९ हजारांहून जास्त फुकट प्लगिनं आहेत. तुळशीबागेत सेफ्टी पिनांचं पाकीट आणायला गेलेला माणूस काय काय घेऊन घरी येतो, ते आठवा. पहिल्या आठवड्यात माझ्या ब्लॉगवर २३ प्लगिनं होती आणि लेख एक. त्या लेखाचं नाव होतं 'नमस्कार'.

त्यातली दोन घरात आधीपासूनच होती, नव्या फ्लॅटमध्ये बिल्डरने लावून दिलेल्या पंख्यांसारखी. एक अकिस्मेट. हे स्पॅम अडवतं. नावात आपली 'किस्मत' आहे आणि तीही खरोखरचीच: ऑटोमॅटिक ही कंपनी अधिक किस्मत, बरोबर अकिस्मेट. खासगी ब्लॉगवाल्याने किती पैसे द्यायचे ते त्याच्या मनावर सोडलेलं. देवळातल्या पेटीपुढे होते तशीच माझी थोडी चुळबुळ झाली आणि मग तिथे करतो तेच मी केलं.

दुसरं हॅलो डॉली. हे नुसतंच बसून होतं, म्हटलं चालू करून बघू. लुई आर्मस्ट्राँगने १९६४ साली गाजवलेलं याच नावाचं गाणं आहे, त्यातली कुठलीही एक ओळ पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात दाखवायची, एवढंच याचं काम. त्याने स्पॅम अडत नाही, वेग वाढत नाही, काहीच होत नाही. वर्डप्रेसची मंडळी जॅझची भक्त, मोठ्या आवृत्त्यांना जॅझ कलावंतांची नावं देतात, त्या भक्तीतला हा प्रसाद. मला ही कल्पना फार आवडली. पाठीमागून चहा घेऊन आलेल्या बायकोला तितकी आवडली नाही.

"अहो, डॉली कोण?"

"गाणं आहे."

"कुणासाठी?"

मी डॉली बंद केली. राहिली २२.

बाकीच्यांतली निम्मी प्लगिनं मी नावं बघून घेतली होती, हे कबूल करतो. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ नावाचं एक आहे. ताकायुकी मियोशी या जपानी गृहस्थांनी केलेलं, वाचकांनी निरोप धाडायचा फॉर्म बनवून देणारं. मला 'फॉर्म ७' म्हटल्यावर गाव नमुना ७ दिसला, म्हणजे सातबाऱ्यातला सात. शेतीकर्जाच्या टेबलावर नऊ वर्षं काढलेल्या माणसाने तो सोडायचा कसा? दुसरं क्लासिक एडिटर. त्याची कथा मला फार मानवी वाटते. डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेसने लिहिण्याची नवी पद्धत आणली, छपाईवाल्या गुटेनबर्गचं नाव दिलेली, ज्यात प्रत्येक परिच्छेद हा एक ठोकळा असतो. आणि तिच्याबरोबर, ती नको असेल त्याच्यासाठी, जुनी पद्धत परत आणणारं प्लगिनही दिलं. ते ५० लाखांहून अधिक ठिकाणी लागलं. घरात इंडक्शनची शेगडी घेऊन शेजारी गॅस ठेवायचा, दुसरं काय. मीही ठेवला.

आता दिव्यांच्या प्लगिनकडे येतो. नाव मुद्दाम घेत नाही, कारण दोष त्याचा नाही. आपला लेख सर्च इंजिनला सापडावा म्हणून काय काय सुधारावं हे ते सांगतं. तुम्ही लेखाचा मुख्य शब्द त्याला द्यायचा. मग ते लेख तपासतं आणि बाजूला दिवा लावतं: लाल, नारिंगी किंवा हिरवा.

मी थालीपिठावर लिहिलं होतं. जीव ओतून. भाजणीत धणे किती, कांदा किसायचा की चिरायचा, मधलं भोक बोटाने पाडायचं की उलथन्याच्या टोकाने, सगळं. मुख्य शब्द दिला: थालीपीठ. दिवा लाल. खाली शेरा असा, की दिलेला शब्द लेखात जवळजवळ सापडतच नाही.

मी लेख पुन्हा वाचला. ओळीओळीत थालीपीठ होतं. थालीपिठाला लोणी, थालीपिठाच्या कडा, थालीपिठावर झाकण, थालीपिठातला कांदा. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पीठ, पण पिठाला. फूल, पण फुलाला. शाळेत बाईंनी हातावर पट्टी मारून शिकवलेलं सामान्यरूप त्या प्लगिनला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्याला 'थालीपीठ' हवं होतं, दीर्घ पी आणि पुढे काही न चिकटवलेलं. मराठीत शब्द वाक्यात उतरायचा तर कपडे बदलूनच उतरतो, आणि ते दारावर जुना फोटो घेऊन उभं.

मग मी एक संध्याकाळ खर्चून लेख विभक्तीशिवाय लिहायचा प्रयत्न केला. हा त्यातला उतारा:

"थालीपीठ याकरिता भाजणी घेण्यात यावी. थालीपीठ यास मधोमध भोक पाडण्यात यावे. थालीपीठ एका बाजूने भाजले गेल्यानंतर सदर थालीपीठ उलथण्यात यावे. थालीपीठ याबरोबर लोणी देय राहील."

दिवा हिरवागार झाला. हसरा चेहरासुद्धा आला. शासन निर्णयांची भाषा अशी का असते, हे कोडं मला त्या संध्याकाळी उलगडलं. तिथेही कुठेतरी असाच एक दिवा असणार. बायकोने वाचलं आणि विचारलं, "हे थालीपीठ आहे की टेंडर?" मी जुना लेख परत आणला आणि तसाच प्रसिद्ध केला. छत्तीस वर्षांच्या नोकरीत लाल दिवा मिळाला नव्हता, तो असा मिळाला.

कॅशचं प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी शोभा नाही. ब्लॉगचं पान मागितलं की वर्डप्रेस ते दरवेळी नव्याने रांधतं. कॅशचं प्लगिन एकदा रांधलेलं पान वाढून तयार ठेवतं, खानावळीतल्या ताटांसारखं. म्हणजे वाचकाला थांबावं लागत नाही. सोपं आहे. पण माझ्यासारख्या माणसाला 'कॅश' या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक, आणि बँकेचा पहिला धडा असा, की कॅश एका माणसाच्या ताब्यात कधी ठेवायची नाही. तिजोरीला दोन किल्ल्या, दोन अधिकारी. त्या हिशेबाने मी कॅशची प्लगिनं दोन बसवली.

रात्री साडेनऊला ब्लॉग उघडला तर पान पांढरं. शीर्षक नाही, थालीपीठ नाही, चूक झाल्याची सूचनाही नाही. कॅशवाले दोन आणि गल्ल्यात दमडी नाही. भाच्याला फोन लावला. तो कुठल्यातरी लग्नात होता, मागे बँड वाजत होता, म्हणून तो ओरडून बोलत होता आणि मीही ओरडत होतो.

"मामा, कॅश क्लिअर केलीस का?"

"केली! सगळी कॅश साफ केली!"

आतून बायको हातातलं लाटणं घेऊन बाहेर आली. तिला समजावण्यात जो वेळ गेला तेवढ्यात भाचा जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी उपाय कळला, आणि तो मला पटला, कारण तो वायरमनचा आहे. होस्टिंगच्या फाइलींमध्ये जाऊन प्लगिनांच्या फोल्डरचं नाव बदलायचं. वर्डप्रेसला ती सापडत नाहीत, सगळी एकदम बंद पडतात, ब्लॉग जिवंत होतो. मग नाव पूर्ववत करून एकेक प्लगिन चालू करत जायचं. ज्याला लावल्यावर अंधार होतो, तो चोर. घरातला एमसीबी सारखा पडायला लागला की आपण हेच करतो ना, आधी फ्रिज, मग गिझर, मग इस्त्री. मी पूर्ण दुपार ते केलं. चालू करता करता प्रत्येकाला विचारत गेलो, तुझा उपयोग काय? लेखाखाली बर्फ पाडणाऱ्या प्लगिनकडे समाधानकारक उत्तर नव्हतं. संध्याकाळी ९ उरली. त्यात अपड्राफ्टप्लस होतं, ते दर रविवारी ब्लॉगची प्रत गूगल ड्राइव्हवर नेऊन ठेवतं. बाकी सगळी गेली तरी चालतील, हे जाऊ देऊ नका. बँकेत संध्याकाळचा हिशेब जुळल्याशिवाय घरी न गेलेला माणूस सांगतोय.

आणि मग सासूबाईंवर लेख लिहिला.

माझी गडचिरोलीला बदली झाली तेव्हा मुलगी आठ महिन्यांची होती. सासूबाईंनी सांगलीचं घर बंद केलं, आमच्या ठाण्याच्या दोन खोल्यांत तीन वर्षं राहिल्या, आणि त्या तीन वर्षांचा उल्लेख पुढे एकदाही केला नाही. म्हणजे तोंडाने केला नाही. लेख चांगला उतरला होता. शीर्षक दिलं: 'सासूबाईंचे उपकार विसरलो नाही'. दिवा नारिंगी होता, मी तिकडे बघितलंही नाही. दुवा उचलला आणि सासरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला.

दुवा बघून मीच दचकलो. टक्का, ई, शून्य, टक्का, ए, चार, टक्का, बी... नुसत्या टक्क्यांची रांग. इतके टक्के मी आवर्ती ठेवींच्या तक्त्यातही पाहिले नव्हते. पण दुवा उघडत होता, म्हणून गप्प बसलो.

अर्ध्या तासाने मेहुण्याने ग्रुपवर फोटो टाकला. त्याने लेख लॅपटॉपवर उघडला होता. लॅपटॉपवर पत्त्याच्या पट्टीत ते टक्के जाऊन स्वच्छ देवनागरी दिसते. त्या पट्टीचा मोबाइलने काढलेला फोटो. त्यात ब्लॉगच्या नावापुढे लिहिलं होतं:

सासूबाईंचे-उपकार-विसरलो

एवढंच. पुढे काही नाही. म्हणजे 'नाही' नाही.

फोटोखाली मेहुण्याने हात जोडलेले होते. त्याखाली मोठ्या मेव्हणीने "असो" लिहिलं. या कुटुंबात 'असो' हा शब्द सहज वापरत नाहीत. शेवटचा वापरला होता तो वाटणीच्या वेळी.

भाच्याने फोनवर सगळं समजावलं, मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. संगणकाच्या यूटीएफ-८ या लिपीव्यवस्थेत देवनागरीच्या एका चिन्हाला ३ बाइट लागतात. पत्त्यात प्रत्येक बाइट लिहायला एक टक्का आणि दोन अक्षरं, म्हणजे एका चिन्हाला ९ घरं. आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही सगळी स्वतंत्र चिन्हं, प्रत्येकाचे ९ वेगळे. रिकाम्या जागेला मात्र १ घर. लेखाच्या पत्त्यासाठी वर्डप्रेसने ठेवलेली घरं एकूण २००. रोमन लिपीत ती भरपूर होतात, एका अक्षराला एकच घर. आपल्याला कशी पुरतात ते बघा.

'सासूबाईंचे' मध्ये १० चिन्हं, ९०. जागा १. 'उपकार' मध्ये ५, म्हणजे ४५, झाले १३६. जागा १. 'विसरलो' मध्ये ६, म्हणजे ५४, झाले १९१. जागा १, झाले १९२. आता 'नाही'मधला 'न' यायचा, त्याला हवेत ९. बेरीज २०१.

एका रुपयासाठी चेक परत.

मी आयुष्यभर लोकांचे चेक शिल्लक अपुरी म्हणून परत पाठवले, कधी खरोखर किरकोळ रकमेसाठी, आणि काउंटरपलीकडचा माणूस विनवत असताना नियमाकडे बोट दाखवलं. त्यातल्या कुणाची तरी हाय लागली असणार. आणि आपल्या भाषेचीही कमाल बघा. नकार वाक्याच्या अगदी शेवटी ठेवायचा, तोपर्यंत ऐकणाऱ्याला लटकवायचं, ही आपली जुनी खोड. समोर माणूस बसलेला असतो तोवर ठीक, त्याला शेवटचा शब्द ऐकू येतोच. पण दोनशे घरांनंतर गाडी सोडणाऱ्या यंत्रापुढे मराठी माणूस सगळ्याच गोष्टी कबूल करून बसतो.

उपाय सोपा होता आणि प्लगिनशिवायचा होता. प्रसिद्ध करण्याआधी पत्त्याचा रकाना उघडायचा आणि तिथे रोमनमध्ये, हाताने, छोटा पत्ता लिहायचा. मी लिहिला. पण जुना दुवा गावभर झालेला, तो उघडणाऱ्याला नव्या पत्त्यावर पोचवायला हवं. वर्डप्रेस हे काम स्वतःही गुपचूप करतं, पण किती लोक जुन्या पत्त्यावर आले ते सांगत नाही. म्हणून रिडायरेक्शन नावाचं प्लगिन घेतलं. ते पोस्टमनसारखं आहे. 'येथे राहत नाहीत, पुढील पत्त्यावर धाडा' हे तर करतंच, शिवाय अशी किती पत्रं आली आणि शेवटचं कधी आलं याची वहीही ठेवतं. माझं आता सर्वांत लाडकं प्लगिन हेच. जावक बारनिशी लिहिल्याचं सुख मिळतं.

महिन्याभराने सहज ती वही उघडली. थालीपिठाचा लेख तोवर १२ जणांनी वाचला होता, त्यात मी चार वेळा. सासूबाईंच्या जुन्या, तुटक्या दुव्यावर १४७ जण येऊन गेले होते. शेवटचा त्याच दिवशी, दुपारी पावणेपाचला.

सांगलीला चार ते साडेचार भजनी मंडळ असतं.

बायकोला विचारलं. ती आधी हसली, मग म्हणाली, आईने तो दुवा जपून ठेवलाय, मेहुण्याने काढलेल्या फोटोसकट. मंडळातल्या प्रत्येकीला पाठवते. मिरजेच्या मावशींना, इचलकरंजीच्या आत्यांना, बंगळुरूच्या नातवाला. खाली एकच ओळ लिहिते: "बघा, लेखी दिलंय."

मी फोन केला. म्हटलं, आई, ते 'नाही' तांत्रिक कारणाने पडलं हो, एका घराने. ९० अधिक १ पासून मी त्यांना पूर्ण बेरीज म्हणून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. त्या जुन्या मॅट्रिक, गणितात पहिल्या.

"जावईबापू, तुमच्या त्या वहीत दुसऱ्या कुणाला लिहिता येतं का?"

"येतं की. पाहुणा लेखक म्हणतात."

"मग लिहून घ्या. मी सांगते."

त्या सांगत गेल्या, मी टंकत गेलो. गडचिरोलीहून मी धाडलेली पत्रं आणि त्यात फक्त मुलीची चौकशी. सुट्टीवर आल्यावर त्यांच्या हातचं थालीपीठ तीन-तीनदा मागून घेणं, पण चांगलं झालंय असं एकदाही न म्हणणं. मी थालीपिठावर लेख लिहिला त्यात भाजणीचं प्रमाण त्यांचं होतं आणि नाव कुणाचंच नव्हतं, हेही. मधे मला चष्मा पुसावा लागला. शेवटी विचारलं, शीर्षक काय देऊ?

त्यांना विचार करावा लागला नाही. "लिहा, 'जावयांना मी अजून माफ केलं नाही'."

लिहिलं. फोन खाली ठेवला आणि सवयीने पेन्सिल उचलली. 'जावयांना', ८ चिन्हं, ७२. जागा १. 'मी', १८, झाले ९१. जागा १. 'अजून', ३६, झाले १२८. जागा १. 'माफ', २७, झाले १५६. जागा १. 'केलं', ३६, झाले १९३. जागा १, १९४. 'न' आला की २०३.

पत्त्याच्या रकान्यात वर्डप्रेसने आपण होऊन भरलं होतं: जावयांना-मी-अजून-माफ-केलं. भाच्याच्या नियमाप्रमाणे तिथे हाताने रोमनमध्ये लिहायचं असतं. मी हात लावला नाही. लेख प्रसिद्ध केला, दुवा आहे तसा ग्रुपवर टाकला आणि मेहुण्याला वेगळा निरोप धाडला, की लॅपटॉपवर उघड आणि पट्टीचा फोटो काढ.